एक डोळा सुईकडे

ता. ४, सोमवार

वहिनी, नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडताच फळीवर टाकून द्याल, असं ही म्हणाली. फोडलं असेल तर एवढं वाचा. मी काही मागायला लिहीत नाही.

म्हणजे मागायलाच लिहितो आहे, पण पैसे नव्हेत. एक सही हवी आहे. सोबत कागद जोडला आहे. दादाच्या माघारी त्याच्या चित्रांवरचा हक्क तुमच्याकडे आला आहे आणि त्याबद्दल कोणाशी बोलायचं झालं तर तुम्ही मला मोकळीक देता, एवढंच त्यात आहे. काळजीचं काही नाही. कायद्याची साधी बाब आहे. इथे एक वकीलबाई आहेत, त्यांनीच मजकूर लिहून दिला.

इकडे सगळं ठीक. दवाखान्यात माझी ड्युटी अजून मुलांच्या विभागातच आहे. मुलं अजून मला मामा म्हणतात, आता तर त्यांच्या आयाही म्हणतात. हिचे गुडघे दुखतात. सकाळी देवापुढे बसतो तेव्हा हल्ली मधेच शब्द विसरतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. वय झालं, दुसरं काय. काळजीचं काही नाही.

कागद महिनाअखेर मिळाला तरी चालेल. पंधरा तारखेच्या आत मिळाला तर फार बरं.

तुमचा दीर

ता. क. एखादा गोड बोलणारा माणूस तुमच्याकडे आला तर त्याला पाणी द्या, बसायला सांगा. पण त्याला काही लिहून देऊ नका. आभाराचे दोन शब्दसुद्धा नकोत.

ता. ९, शनिवार

वहिनी,

तुमचं उत्तर आलं. माझाच कागद सहीशिवाय परत, आणि पाठीमागे तुमच्या तिरक्या अक्षरात चार ओळी: "भाऊजी, इतक्या वर्षांनी पत्र, आणि त्यात घडोघडी काळजीचं काही नाही. तुम्ही म्हणजे गोगलगाय आणि पोटात पाय. काय झालंय ते सरळ लिहा, नाहीतर पोस्टाचा खर्च वाचवा. आणि त्या भिंतीचं नाव माझ्यापुढे काढू नका."

हिने वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "जाऊबाईंनी बरोबर ओळखलं तुम्हाला." मला हसू आलं नाही. वहिनी, मी फार घाबरलो आहे. आणि भिंतीचं नाव काढल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून काढतो. रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

तुम्ही ती भिंत कधी पाहिली नाहीत. सुई टोचायच्या खोलीत, मुलाला मांडीवर घेऊन आई ज्या खुर्चीवर बसते, तिच्या बरोबर समोर आहे. दादा इथे भरती होता तेव्हा बरं वाटेल त्या दिवशी खाली यायचा आणि तिथे चित्र काढायचा. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, त्याला कोरी भिंत बघवत नसे. त्याने गोगलगाय काढली. दवाखान्यात आलेली गोगलगाय. तिचे डोळे शिंगांच्या टोकावर असतात ना, त्यातला एक सुईकडे वळलेला आणि दुसरा मागे, आई आहे ना हे बघायला. खाली शब्द हवे होते. ते मी सांगितले: "भिते, पण सरकते." त्याने ते त्याच्या वळणदार अक्षरात लिहिले. मग भिंतभर तिची गोष्ट झाली. दारापासून खुर्चीपर्यंत ती घाबरत घाबरत कशी पोचते, त्याची.

वहिनी, ती भिंत काम करते. आमच्या सिस्टर सांगतात, मूल रडायला लागलं की त्या म्हणतात, "कुठला डोळा आपला?" मूल बोट दाखवतं. बहुतेक मुलं मागच्या डोळ्याकडे दाखवतात. तेवढ्यात सुई टोचून होते.

मागच्या वर्षी लहान मुलांची औषधं करणाऱ्या एका कंपनीचे साहेब आले. इतके गोड बोलतात की सिस्टरांनी त्यांचं नाव साखरसाहेब ठेवलं. म्हणाले, मामा, या चित्रांची छोटी पुस्तिका छापू, फुकट वाटू, तुमची हरकत नाही ना, दोन ओळी लिहून द्या. मला आनंद झाला. मी चांगल्या कागदावर लिहिलं: "चित्रे व गोष्ट आपलीच आहेत. संकोच नसावा." आणि खाली सही केली.

यात मी काय चुकलो? आपल्याकडे कोणी एखाद्या वस्तूचं कौतुक केलं की आपण हेच म्हणतो. घर छान आहे, आपलंच समजा. पाहुण्याने खरंच घराची किल्ली मागितली असं कधी झालं आहे का?

पुस्तिका निघाली. मग औषधाच्या बाटलीवर गोगलगाय आली. दप्तरांवर आली. आणि मागच्या महिन्यात दवाखान्याला आणि मला नोटीस आली. गोगलगाय कंपनीची आहे, मी ती लिहून दिलेली आहे, आणि भिंतीवरचं चित्र ही त्यांच्या मालाची विनापरवाना नक्कल आहे. ते काढून टाका, नाहीतर कोर्ट. नक्कल, वहिनी! दादाने स्वतःच्या हाताने काढलेलं चित्र, आणि नक्कल.

दवाखान्याच्या मोठ्या मॅडम वाईट नाहीत, पण त्याही घाबरल्या. म्हणाल्या, "मामा, औषधं बंद केली त्यांनी तर मी मुलांना काय पाजू? तुमची गोष्ट?" अठरा तारखेला भिंतीला चुना मारायचा ठरला आहे. चुना कोण मारणार? विभागातला माणूस. म्हणजे मी.

म्हणून वकीलबाईंकडे गेलो. गरिबांच्या खटल्यांसाठी त्या कोर्टाच्या मागच्या खोलीत बसतात. खोलीत फायलींचे ढीग आणि एकच खुर्ची, ती त्यांनी मला दिली, स्वतः खिडकीत बसल्या. मी आधीच सांगून टाकलं की बाई, आम्ही हे कुठेच नोंदवलेलं नाही, शिक्का नाही, काही नाही. त्या म्हणाल्या, "नोंदवायला कशाला हवं? मूल जन्मलं की आईचं होतं, दाखला नंतर येतो. चित्र काढलं, त्या क्षणी हक्क जन्मला."

मी म्हटलं, भिंत तर दवाखान्याची.

"भिंत दवाखान्याची. चित्र नव्हे. तुम्ही कोणाच्या वहीत कविता लिहिलीत तर कविता वहीवाल्याची होते का?"

मी ड्युटीवर असताना शब्द सुचले, तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमचं काम काय? म्हटलं, स्ट्रेचर ढकलणं, चादरी बदलणं, फरशी. "मग शब्द सुचणं तुमच्या कामात बसत नाही, ते तुमचेच."

मला धीर आला, पण मनात एक गोष्ट सलत होती, ती बोललो. म्हटलं, बाई, गोगलगाय देवाने केली. शब्द त्यानेच सुचवले. त्यावर आम्ही हक्क कसा सांगायचा? मला वाटलं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गोगलगाय देवाचीच. दवाखान्यात गेलेल्या गोगलगायीची कल्पनाही कोणाचीच नव्हे, उद्या कोणीही काढू शकतो. पण एक डोळा सुईकडे आणि एक आईकडे असलेली ही गोगलगाय देवाने केलेली नाही, मामा. ती तुमच्या दादांनी केली. कायदा एवढंच सांभाळतो."

मग त्यांनी माझ्या त्या दोन ओळींची नक्कल वाचली आणि चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. "आणि तुम्ही नेमकं लेखी आणि सहीनिशी दिलंत! काय दिलं, किती वर्षांसाठी, कशासाठी, काहीच लिहिलं नाहीत, म्हणून भांडता येईल. पण मला खरी आशा दुसरीकडे आहे. शब्द तुमचे. चित्र तुमचं नाही. चित्र दादांचं. माणूस गेला तरी हक्क बरीच वर्षं जिवंत राहतो आणि वारसाकडे जातो. त्यांना कोण आहे?"

मी सांगितलं, मूलबाळ नाही. वहिनी आहेत.

"मग जे तुमचं नव्हतंच ते तुम्ही दिलंत कसं? वहिनींना विचारा."

मी त्यांना सांगितलं नाही की तुम्ही माझ्याशी बोलत नाही.

काल दुपारी विभागात खाकी कपड्यातला एक माणूस आला. मी चादरींच्या कपाटामागे अंग चोरून उभा राहिलो. वाटलं, पोलीस, मलाच न्यायला आला. तो शोधत शोधत माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "मामा, सुईची खोली कुठे हो?" त्याच्या खांद्यावर त्याची मुलगी होती, तापाने फणफणलेली. मी दाखवलं. माझा चेहरा पोरीने पाहिला असावा. तिने वरून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

हे सगळं सरळ लिहिलं आहे. आता पोटात काही नाही.

तुमचा दीर

ता. १४, गुरुवार

वहिनी,

तुम्ही कंपनीला सही दिलीत का?

आज कंपनीच्या कचेरीत बोलावलं होतं. वकीलबाई बरोबर होत्या म्हणून आत तरी गेलो. काचेची खोली, बाहेरचे लोक दिसतात पण आवाज येत नाही. हिने माझा लग्नातला कोट काढून दिला होता, "फाशी जायचं तर नीटनेटकं जा" म्हणून. बटण लागेना. लांबट टेबलापलीकडे साखरसाहेब आणि त्यांचे वकील. त्यांनी माझा कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवला आहे, जपून, एखादी पोथी असावी तसा.

त्यांच्या वकिलांनी विचारलं, "हे अक्षर तुमचं?" हो म्हटलं. "सही तुमची?" हो.

तेवढ्यात आमच्या बाई बोलल्या. इतक्या शांतपणे, की मला वाटलं जिंकलोच. म्हणाल्या, "कागदावर 'आपलीच' असा शब्द आहे. आपली म्हणजे कोणाची? आदराने म्हटलं तर तुमची. सगळ्यांना धरून म्हटलं तर तुमची-आमची. आपलं घर, आपली शाळा म्हणतो, तेव्हा शाळा कोणी कोणाला देऊन टाकत नाही. एवढ्या एका शब्दावर हक्क बदलत नसतो."

पलीकडचे वकील पुन्हा कागद वाचू लागले. साखरसाहेबांचं हसू थोडं उतरलं. मग त्या वकिलांनी माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने विचारलं, "मामा, तुम्ही देवभोळे दिसता. खरं सांगा. लिहिताना तुमच्या मनात कुठली आपली होती?"

बाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मला समजलं. पण वहिनी, मला आठवत होतं. मी समोरच्या माणसाला मान द्यायला लिहिलं होतं. तुमची, असंच मनात होतं. खोटं तोंडातून निघेना. मी म्हटलं, "तुमची."

बाहेर आल्यावर जिन्यात बाई म्हणाल्या, "मामा, तुमचे शब्द बहुतेक गेले." मी म्हटलं, जाऊ देत, मला हाव नाही. त्या एकदम भडकल्या. "हाव नाही म्हणजे काय? त्यांनी तुमच्या ओळीतला 'भिते' काढून टाकलाय, बाटलीवर नुसतं 'सरकते, सरकते' आहे. उद्या तुमच्याच तोंडी घालतील की मुलांनी घाबरू नये. चालेल तुम्हाला?"

ते मला माहीत नव्हतं.

पण मला खरी धडकी भरली ती त्याआधी, निघताना. साखरसाहेब दारापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, "तुमच्या वहिनींकडे आमचा माणूस जाऊन आला. फार समजूतदार बाई आहेत." बस, एवढंच. पुढे काही सांगितलं नाही, मला विचारायचं धाडस झालं नाही.

तेव्हापासून मी हाच विचार करतो आहे की तुम्ही त्यांना सही का देऊ नये? भिंत पुसली तर तुम्हाला बरंच वाटेल. दादा गेला तेव्हा तुम्ही व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "माझ्या नवऱ्याचे शेवटचे दिवस तुम्ही त्या भिंतीला दिलेत. मी त्याला पडून राहा म्हणत होते आणि तुम्ही हातात ब्रश देत होतात." आजही चूक झाली असं म्हणवत नाही, वहिनी. मी ब्रश दिला नसता तर त्याने बोटाने काढलं असतं. पण तो तुमच्याजवळ बसायच्या वेळात खाली यायचा, हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे. त्याचं मी काय करू?

मी तुम्हाला सही द्या किंवा देऊ नका असं सांगणार नाही. चित्राचा हक्क तुमचा आहे, हे आता मला कळलं आहे. फक्त केली असेल तर मला आधी कळवा. चुन्याची बादली उचलताना मला माहीत असावं, एवढंच. आज चुन्याच्या गोण्या आल्या. त्या मीच जिन्याखाली नेऊन ठेवल्या.

तुमचा दीर

ता. २१, गुरुवार

वहिनी,

सोमवारी सकाळी चुना भिजवला होता. मुलांना दुसऱ्या खोलीत नेलं होतं. सिस्टर दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. मी खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करणार होतो, जिथे नुसती जमीन रंगवली आहे, म्हणजे चित्राला हात लागायला वेळ जाईल. कुंचला बुडवला, आणि मोठ्या मॅडमचा निरोप आला: मामांना आहे तसे वर पाठवा.

आहे तसा गेलो. हातावर चुना. मला वाटलं, आता नोकरी गेली. वकीलबाई तिथे होत्या आणि टेबलावर तुमचं पत्र होतं. तीन प्रती, एक मॅडमना, एक बाईंना, एक कंपनीला. मॅडमनी मोठ्याने वाचलं. तुम्ही लिहिलं आहे ते तुम्हाला माहीत आहे, पण मला त्यांच्या तोंडून ऐकताना कसं वाटलं ते सांगायचं म्हणून परत लिहितो:

"गोगलगायीचं चित्र माझ्या नवऱ्याने काढलं. ते मी कोणाला दिलेलं नाही आणि देणार नाही. माझ्या दिराने आपलीच म्हणून लिहून दिलं असेल. तो तसाच आहे, जेवत असला तरी समोरच्यापुढे स्वतःचं ताट सरकवील. पण माझं ताट सरकवायचा त्याला अधिकार नाही. कंपनीचा माणूस माझ्याकडे नवं चित्र घेऊन आला होता. त्यात गोगलगाय दात दाखवून हसते आणि दोन्ही डोळे पुढे आहेत. मी त्याला विचारलं, मागचा डोळा कुठे गेला? तो म्हणाला, बाई, घाबरलेलं चित्र विकत नाही. तो मागचा डोळा कोणाकडे बघतो ते मला माहीत आहे. सुईच्या खोलीतून वर त्याच्या खाटेशेजारच्या माझ्या स्टुलाकडे जिना येतो. त्याने डोळा त्या जिन्याच्या बाजूला वळवला आहे. भिंत मी पाहिलेली नाही, पण दवाखान्याचा तो कोपरा मला पाठ आहे. त्या चित्रात कोणी बदल करायचा नाही, पुसायचं नाही, आणि खाली काढणाऱ्याचं नाव घालायचं."

मॅडम वाचायच्या थांबल्या. मी म्हटलं, मी बसू का? आणि परवानगीची वाट न बघता जमिनीवरच बसलो.

इतकी वर्षं ती भिंत रोज पुसतो मी, वहिनी. मला वाटायचं, तो डोळा मुलाच्या आईकडे बघतो. जिना त्या बाजूला आहे हे मला सुचलं नाही. त्याने मला सांगितलं नाही. तुम्हाला मात्र न बघता कळलं.

बाई म्हणाल्या, चित्र काढणाऱ्याच्या नावाचा आणि चित्र विद्रूप होऊ न देण्याचा हक्क वेगळाच असतो, तो आपल्याला उपयोगी पडेल. मॅडमनी चुना परत पाठवला. मला म्हणाल्या, "मामा, भिजवलेल्या चुन्याचं काय करायचं?" मी म्हटलं, स्वच्छतागृहं पांढरी करतो. ते काम दोन दिवस चाललं, आणि हात कामात असल्यामुळे बरं वाटलं.

तुम्ही सोबत वेगळ्या चिठ्ठीवर मला लिहिलंत, ते मॅडमनी वाचलं नाही, घडी करून दिलं. "भाऊजी, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. हे चित्रासाठी केलं, तुमच्यासाठी नाही." कळलं. मी ते चांगलं जपून ठेवलं नाही, कारण ते पाठ झालं.

आता पुढचं, कारण हे इथे संपत नाही. कंपनीने कळवलं आहे की भिंतीबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही. बाटलीवरची गोगलगाय मात्र ती हसते म्हणून वेगळी आहे, ती त्यांचीच, आणि शब्द तर मी स्वतः तोंडाने दिले. आपण कोर्टात जायचं का, हे बाई विचारतात. त्या म्हणतात, वारस स्वतः उभी राहिली तर बोलण्यात वजन येईल. जायचं ठरलं तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्यांना जबाब लिहून घ्यायचा आहे. तुमचा आणि माझा.

मला कोर्टाची भीती वाटते. कठड्यात उभं राहून पुन्हा खरं बोलायची वाटते, कारण त्या दिवशी खऱ्यानेच घात केला. साखरसाहेब मला मामा म्हणतील त्याची वाटते. आणि सगळ्यात जास्त भीती ही, की जबाब झाल्यावर बाई तुम्हाला भिंत बघायला खाली नेतील आणि मी तिथे फडकं घेऊन उभा असेन. तुम्ही नको म्हणालात तरी मी समजेन. बाईंना तसं कळवीन, तुमच्यावर काही येऊ देणार नाही.

पण येणार असाल तर सकाळची गाडी धरा, ती थेट येते. मी स्टेशनवर येईन. हिने तुमच्यासाठी आतल्या खोलीत अंथरूण घालून ठेवायचं म्हटलं आहे, दार आतून लागतं. वाटेत माझ्याशी एक शब्द बोललात नाही तरी चालेल. पिशवी तेवढी माझ्या हातात द्या.

तुमचा दीर